एकशेवीस तास आणि जून महिना

(विद्यार्थी आणि पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला ‘सेवेतून शिक्षण’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे आणि माझा अनुभव लहान. मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये होते. त्या काळात आम्ही भिवंडीतल्या लूमच्या वस्तीत मुलांचा एक वर्ग चालवला. तेवढ्याबद्दलच बोलते.

समोर पालक बरेच दिसतायत, म्हणून एनएसएस म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजासाठी द्यायचे, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं एक शिबिर. कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या चाकाचा बिल्ला मिळतो. केलेले तास डायरीत लिहायचे आणि सरांची सही घ्यायची. शेवटी प्रमाणपत्र, आणि आमच्या विद्यापीठात दहा गुण. या दहा गुणांना हसू नका. आमच्या गटातले निम्मे जण त्या गुणांसाठीच आले होते आणि सगळ्यात चांगलं शिकवणारे त्यांच्यातलेच निघाले. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रमातच समाजातल्या कामाला श्रेयांक आहेत. म्हणजे यापुढे आपल्या वस्त्यांमध्ये आमच्यासारखे विद्यार्थी जास्त संख्येने येणार. ते येणार कधी, थांबणार किती आणि जाणार कधी, हे आत्ताच बोलून घेतलेलं बरं.

भिवंडी बहुतेकांना बातम्यांतून माहीत असते. दंगल, कोसळलेली इमारत, गोदामाला लागलेली आग. मी तिथलीच आहे. आम्ही कोकणी मुसलमान, घरी बोलतो ती कोकणी मराठीच्या जवळची आहे. पण माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर असलेल्या लूमच्या गल्ल्यांत मी कॉलेजमध्ये जाईपर्यंत कधी पाय ठेवला नव्हता. तिथले लोक उत्तर प्रदेश, बिहारकडचे, काही तेलंगणातले. यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. मजुरी मीटरवर, म्हणजे कापड निघालं तर पैसे. वीज गेली, सुताचा भाव चढला, मालकाने माग बंद ठेवले, की त्या दिवसाचं काहीच नाही.

वर्गासाठी आम्हाला एक खोली मिळाली. तिच्या मागच्या भिंतीला लागून माग होते. भिंतीला टेकून बसलं की पाठ थरथरायची. पहिल्या दिवशी मला वाटलं ही मुलं भांडतायत, इतक्या मोठ्याने बोलत होती. मग लक्षात आलं की ती साधंच बोलतायत. मागाच्या खडखडाटात ज्यांचं घर आहे त्यांचा आवाज तेवढाच असतो. दुसऱ्या महिन्यात आमच्याच आवाजाबद्दल आमच्या घरच्यांनी तक्रार केली.

हजेरी चांगली असायची. शिकायची आवड, असं मी अहवालात लिहू शकले असते. खरं कारण वेगळं होतं. बाप रात्रपाळी करून आलेला असतो आणि दिवसा झोपतो. खोली दहा बाय दहाची. आवाज नको म्हणून मुलांना बाहेर काढलेलं असतं. आमचा वर्ग म्हणजे बसायला मिळालेली जागा. मला यात कमीपणा वाटत नाही. जागेसाठी आलेलं मूलही वाचायला शिकतं.

वेळ ठरवताना कस लागला. महापालिकेची शाळा दोन सत्रांत. अरबी शिकायला मदरशात जायचं ते वेगळं. आमची कॉलेजं सकाळची. सगळं जुळवून हातात राहिला तो असर ते मगरिबमधला वेळ, हिवाळ्यात जेमतेम सव्वा तास. आणि मुलांची खेळायची वेळही तीच. म्हणून पहिली वीस मिनिटं खेळ, असं ठरलं. आमच्या सरांनी विचारलं, हे खेळाचे तास डायरीत कशाखाली लिहिणार? आम्ही ‘शारीरिक शिक्षण’ लिहिलं. सर हसले आणि सही केली.

मुलं दुसरीपासून सातवीपर्यंतची, सगळी उर्दू माध्यमाची. पहिल्या आठवड्यात आम्ही प्रत्येकाला एकेकटं बसवून वाचून घेतलं. त्यासाठी ‘असर’ची सोपी पद्धत वापरली. हा असर नमाजेचा नव्हे. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५पासून देशभर ग्रामीण भागात शिक्षणाची जी पाहणी होते, तिचं नाव असर आहे. त्यात मुलाला आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट वाचायला देतात आणि ते कुठवर पोचतं ते बघतात. एका मुलाने उर्दूचा अख्खा धडा खडाखडा म्हणून दाखवला. मी म्हटलं, आता शब्दावर बोट ठेवून वाच. बोट पहिल्या ओळीवर आणि तोंड तिसऱ्या ओळीवर. त्याला धडा पाठ होता, वाचता येत नव्हता. सातवीतली दोन मुलं शब्दांवरच अडत होती.

म्हणून इयत्तेप्रमाणे नाही, जो जिथे अडला तिथून, असे गट केले. हेही प्रथमने अनेक राज्यांत वापरलेलं आहे, आमचं डोकं नाही. पण सातवीच्या मुलीला तिसरीच्या मुलाशेजारी बसवलं तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही, हे कुठल्या पुस्तकात आम्हाला मिळालं नव्हतं. तिला हजेरी घ्यायचं काम दिलं. रोज तीस नावं वाचायची. नावं वाचता वाचता तिचं वाचन सुटलं.

मराठीचं आणखी वेगळं होतं. मराठी विषय त्यांना शाळेत आहेच, महाराष्ट्रात तो सक्तीचा आहे. पण कानावर मराठी पडते ती बसमध्ये आणि दवाखान्यात. या मुलांकडे वह्या कमी, म्हणून एकाच वहीत दोन विषय. उर्दू एका बाजूने सुरू होते, मराठी दुसऱ्या बाजूने. मध्ये कुठेतरी दोन्ही भाषा समोरासमोर येतात आणि मग नवी वही मागायची वेळ येते. आमच्या गटात कशेळीकडचा एक आगरी मुलगा होता. तो मराठी शिकवायचा. मुलांनी त्याला अट घातली, तुम्ही आमच्याकडून उर्दू शिकायची. त्याचं ‘जीम’ आणि ‘हे’ चुकलं की पोरं त्याला पुन्हा गिरवायला लावायची, आणि त्यांना त्यात फार मजा वाटायची. आज तो दुकानांच्या उर्दू पाट्या वाचतो. सेवेतून शिक्षण म्हणतात ते कोणाचं, हे मला तिथे कळायला लागलं.

ठाणे जिल्ह्यात ही गोष्ट नवी नाही, हे मला नंतर कळलं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बोर्डी, कोसबाड आता पालघर जिल्ह्यात गेलं, पण तेव्हा ठाणेच. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. मूल गुरं राखायला जातं तर शाळा कुरणात, म्हणून कुरणशाळा. आज अंगणवाडी हा शब्द देशभर चालतो, पण त्याचा अर्थ तिथे ठरला. मुलाच्या दिवसाला धक्का न लावता शाळेने आपली वेळ आणि जागा बदलायची. आमच्या असर-मगरिबच्या सव्वा तासाला मी मनातल्या मनात लूमशाळा म्हणायचे.

पण दिवसाची वेळ जुळली तरी वर्षाची जुळत नाही. मला सांगायचं आहे ते इथून पुढे.

कॉलेजचं वर्ष कसं चालतं? जून-जुलैत प्रवेश. एनएसएसची नोंदणी होऊन गट वस्तीत पोचेपर्यंत सप्टेंबर. मग दिवाळी, मग शिबिर. फेब्रुवारीत तास पूर्ण होतात, मार्चमध्ये डायरी जमा, एप्रिलमध्ये परीक्षा. थोडक्यात, सेवा सप्टेंबर ते फेब्रुवारी. मुलांनाही हे माहीत झालेलं आहे, कारण आमच्याआधीही कोणी कोणी येऊन गेलं होतं. बॅनर लावून बिस्किटं वाटली की मुलं सांगायच्या आधी ओळीत उभी राहून हसायची. पहिल्या महिन्यात मला रोज एक प्रश्न यायचा, “बाजी, आज फोटो है क्या?” आम्ही फोटो काढणं बंद केलं तेव्हा काही मुलं नाराजही झाली, तेही सांगते.

आता या मुलांचं वर्ष. त्यांच्या वर्षातला सगळ्यात नाजूक महिना जून आहे, आणि मुलींसाठी सातवीनंतरचा जून. तिथली महापालिकेची शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी दुसऱ्या शाळेत नाव घालायचं. मे महिन्यात ही कुटुंबं गावी जातात, ‘मुलुख’ म्हणतात. परतीचं तिकीट मिळेल तेव्हा परत येतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडलेली असते. आई-बाप दोघांपैकी कोणालाही फॉर्म भरता येत नाही, दाखला जुन्या शाळेतून आणायचा राहिलेला असतो, आधार कार्डावर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. दोन हेलपाटे होतात, तिसरा होत नाही. कोणी मुलीला शाळेतून काढत नाही. तिचं नाव कुठे घातलंच जात नाही, एवढंच. जुलैपर्यंत घरात धागे कापायचं काम आलेलं असतं. तयार कपड्यांचे लोंबणारे धागे कापायचे, नगावर पैसे. मग ती घरीच असते.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला गळती म्हणतात. नळातून पाणी गळावं तसा हा शब्द आहे, जसं कोणी काही केलंच नाही.

पहिल्या वर्षाच्या जूनमध्ये आमच्यापैकी तिथे कोणीच नव्हतं, डायरी मार्चमध्ये मिटलेली होती. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या वर्षाचा वर्ग सुरू झाला तेव्हा सातवी पास झालेल्या पाच मुलींपैकी चार घरी होत्या. म्हणून दुसऱ्या वर्षी परीक्षा संपल्यावर आम्ही पाच जणांनी ठरवलं की जून आपण ठेवायचा. तोपर्यंत आमचे २४० तास भरले होते. या कामाची नोंद कुठेच होणार नव्हती.

सातवीत नऊ मुली होत्या. मे महिना सुरू व्हायच्या आत आम्ही प्रत्येकीच्या घरी गेलो आणि गावी जाण्याआधीच दाखल्यासाठी अर्ज करून घेतले. एका फाइलमध्ये नऊ प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीत दाखला, आधारची प्रत, फोटो. त्याच फाइलमध्ये शिक्षण हक्क कायद्यातली काही कलमं छापून ठेवली. आपल्या सगळ्यांना ती माहीत असावीत म्हणून सांगते. २००९चा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना लागू आहे आणि आठवी त्याच्या आत येते. मुलाला दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर दाखला लगेच दिला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, हे कलम ५. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, कलम १४. मुदत संपल्यावर आलं म्हणूनही नाकारता येत नाही, कलम १५.

एका शाळेच्या खिडकीवर आम्हाला सांगितलं, प्रवेश संपले, पुढच्या वर्षी या. आमचा कशेळीचा मित्र वाद घालणारा नाही. त्याने कलम १५चा कागद आत सरकवला आणि म्हणाला, काका, एवढं वाचून बघा, आम्ही बाकावर बसतो. वीस मिनिटांनी फॉर्म मिळाला. दरवेळी असं झालं नाही, चार-चार फेऱ्याही झाल्या. पण माझं मत असं की खिडकीपलीकडचा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याच्यासमोर येणारे आई-बाप हात जोडून उभे राहतात, मग तोही सवयीने नाही म्हणतो.

फॉर्म झाले. तरी खरी अडचण पुढेच होती. ती एका आईने मला दारात उभ्या उभ्या सांगितली. म्हणाली, “पढ़ तो लेगी बेटा, पर छोड़ने कौन जाएगा?”

सहावी ते आठवीची शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, आणि ती आहेही. मध्ये गोदामांकडे जाणारा मोठा रस्ता आहे. कंटेनर, ट्रेलर, पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी, फूटपाथ नाही. आई बारापर्यंत धागे कापते आणि घरात तान्हं मूल आहे. बाप पाळीवर. भाऊ स्वतः बारा वर्षांचा. ‘त्यांच्यात मुलींना शिकवत नाहीत’ असं म्हणणारे बरेच भेटतात, आपले भेटतात आणि बाहेरचेही भेटतात. त्या आईने शिकवण्याबद्दल हरकतच घेतली नव्हती. तिने रस्ता ओलांडण्याबद्दल विचारलं होतं.

आम्ही नऊ मुलींची घरं कागदावर मांडली. चार गल्ल्या. एका ठिकाणी जमायचं आणि सगळ्यांनी एकत्र निघायचं. बिसीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, स्वयंपाकाला जाणाऱ्या एक खाला त्याच वेळेला त्याच बाजूला जातात, त्यांनी रस्ता ओलांडून द्यायचं कबूल केलं. पहिले पंधरा दिवस आमच्यापैकी दोघं रोज बरोबर चालली. खालांना आम्ही पैसे विचारले तेव्हा त्या रागावल्या. पण पाऊस सुरू झाल्यावर छत्री घेतली, ती घेतली.

या पंधरा दिवसांत मी मुलींना काहीही शिकवलं नाही. एक शब्द वाचून घेतला नाही. दोन वर्षांत मी केलेल्या कामापैकी सगळ्यात उपयोगी काम हेच असावं असं मला आज वाटतं.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. नऊपैकी सहा मुली आज आठवीत जातात. एक कुटुंब गावी गेलं ते परत आलंच नाही. दोघी घरी आहेत. त्यातली एक म्हणजे हजेरी घेणारी ती मुलगी. तिचा प्रवेश झाला होता, दहा-बारा दिवस ती गेलीही. मग बापाचा हात मागात सापडला, दोन बोटं गेली. आई कामावर जायला लागली आणि घरातल्या लहानग्यांना बघायला ही राहिली. मी चारदा तिच्या घरी गेले. आई मला चहा देते आणि माझ्याकडे बघत नाही. ती मुलगी असर-मगरिबच्या वर्गाला अजून येते, धाकट्याला कडेवर घेऊन. तिसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवते. त्या गल्लीत आज तिच्याइतकं चांगलं वाचणारं मूल नाही. तिचं नाव शाळेच्या पटावर अजून आहे, ते कमी करू नये असा अर्ज आम्ही दिला आहे. आठवी संपेपर्यंत तिचा शिकण्याचा हक्क कायद्याने कायम आहे, वय चौदाच्या पुढे गेलं तरी. पण कायदा धाकट्याला सांभाळायला येत नाही. त्या भागात दिवसभराचं पाळणाघर नाही.

म्हणून इथे जमलेल्यांकडे मला काही मागायचं आहे.

कॉलेजमध्ये शिकवणारे कोणी असतील तर त्यांना विनंती, १२० तासांपैकी वीस तास जूनमध्ये भरू द्या. नियमात बसवा, आम्हाला जमलं नाही पण तुम्हाला जमेल. विद्यार्थी कमी येतील हे मला माहीत आहे. पाच आले तरी नऊ मुलींना पुरतात.

माझ्या वयाच्या मुलींच्या आई-वडिलांना एक सांगते. मला घरून परवानगी मिळायला दोन आठवडे लागले. लूमच्या वस्तीत जायचं, तेही संध्याकाळी? अब्बू एक दिवस स्वतः येऊन खोलीच्या दारात बसले. तिसऱ्या दिवशी ते पाढे घेत होते. तुम्हीही या, दारात बसा, मग ठरवा.

आणि त्या भागात राहणाऱ्या बहिणींनो, हे काम कॉलेजच्या मुलांच्या भरवशावर ठेवू नका. आम्ही पास होऊन निघून जाणार. मी पुढच्या वर्षी कुठे असेन मला माहीत नाही. खाला तिथेच राहणार आहेत.

या वर्षी सातवीत अकरा मुली आहेत. नऊ जणींचे दाखल्याचे अर्ज लिहून झाले, दोघींच्या आधार कार्डातलं नाव दुरुस्त करायचं आहे, त्याला वेळ लागतो, म्हणून ते आधी. चालत न्यायला दोन गल्ल्यांसाठी माणसं मिळाली आहेत, दोन गल्ल्या बाकी आहेत. सकाळी सव्वासहाला निघावं लागतं आणि सातच्या आत माणूस मोकळा होतो. पाळणाघरासाठी खालच्या मजल्यावरची एक खोली बघितली आहे, तिचं भाडं आणि एका बाईचा पगार एवढा प्रश्न आहे. कार्यक्रम संपल्यावर मी दाराजवळच्या टेबलापाशी थांबते. वही तिथेच आहे. नाव उर्दूत लिहा, मराठीत लिहा, फक्त आपण कोणत्या गल्लीत राहता ते शेजारी लिहा.